पाटी

आक्रानेसच्या उघड्या तलावावर
सकाळी आठलाही अंधार.
दिव्यांभोवती पिवळी वाफ.

माझं काम एवढंच:
वळणाच्या भिंतीशी ओणवं होऊन
आकड्यांची पाटी पाण्यात धरायची,
हाफ्डिसला कळावं, किती झाल्या, किती उरल्या.

एकवीस. तेवीस.
मग मोज्यात गार पाणी शिरलं,
आणि पंचवीस गाळून
मी सत्तावीस दाखवलं.

ती दोन फेऱ्या आधीच थांबली.
भिंतीला हात लावून हसली,
मान वळवून फलकाकडे पाहिलं.
शेजारच्या मुली अजून पोहत होत्या.

कुणी ओरडलं नाही. तेच जड.
"पाटी चुकली," कोच म्हणाले.
"पाटी नाही. मी."

पुढच्या शनिवारी
टोपी चढवता चढवता
हाफ्डिसने पाटी माझ्याच हातात दिली.
मोजे मी आधीच काढून ठेवले होते.