अक्कलदाढ

बावन्नाव्या वर्षी मला अक्कलदाढ आली,
तीही तिरकी.
खानापूर रोडवरच्या डॉक्टर मुतगेकरांनी
एक्सरे उजेडाला धरला, म्हणाले,
"उगाच आली बघा ही. जागाच नाही तिला."
काढली,
आणि कागदात गुंडाळून तळहातावर ठेवली
देवळातला अंगारा द्यावा तशी.

बिजगर्णीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "एल्लिगे?"
तोंड उघडेना, मी नुसतं मावळतीकडं बोट केलं.
"तिकडचं तिकीट नसतंय की ओ,"
म्हणाला, आणि आपल्याच अंदाजानं एक फाडलं.

बेळगुंदी मागं पडली
तरी जीभ सारखी त्या खड्ड्यात जात होती.

आमच्याकडं एखाद्याला शाणा म्हणणं
म्हणजे शिवीच.
"लई शाणा झालास" हे मी पहिल्यांदा ऐकलं एकोणिसाव्या वर्षी,
फणसाच्या लाकडाची होडी करायला घेतली तेव्हा.
उन्हाळ्यात मार्कंडेयेत म्हशीचं पोट भिजत नाही,
राकसकोपच्या धरणावर पहारा.
घालणार कुठं रे ही, आप्पा विचारायचे.
मला उत्तर येत नव्हतं.
अजून येत नाही.
भरमाण्णा सुतारानं तेवढं विचारलं नाही.
वाकस हातात दिला,
म्हणाला, तळ जाड ठेव.

पुढं मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो.
बांधाची भांडणं, पोरींच्या सोयरिकी,
लोक येतात, बसतात, चहा पितात,
मी सांगतो ते ऐकून जातात.
होडी परसात आहे.
नवरात्राच्या तोंडावर तिच्यात रताळी धुतो आम्ही.

बायको बैलहोंगलकडची.
लग्नात आम्हाला एकमेकांचे मोजून दहा शब्द येत होते.
तिनं शिकवलेले पहिले दोन :
मन म्हणजे मनसु,
स्वप्न म्हणजे कनसु.
एकाच अक्षराचा फरक, नीट बोला,
नाहीतर लोक हसतील, असं बजावलं होतं.

आज संध्याकाळी तिला सांगायला गेलो
की मनसु लागत नाही कशात.
बधीर ओठांना म कसा यावा?
त्याला ओठ मिटावे लागतात.
काय उमटलं देव जाणे,
नीलव्वा हातातलं सूप खाली ठेवून
माझ्याकडं बघत राहिली.
"कसलं स्वप्न?"

तेहतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मी परसात आलो.
दुधाचे दात कौलांवर फेकायचो आम्ही,
नवा बळकट यावा म्हणून.
ही फेकून काय येणार?
तरी फेकली.
एका कौलावर टिचली, दुसऱ्यावरनं घरंगळली,
वळचणीतनं सुटली
आणि डुबुक्.

होडी पाण्यात गेली नाही कधी,
पण पाणी होतं तिच्यात,
गढूळ, वीतभर,
आणि त्यात वर्तुळं हलत होती.

"काय पडलं हो?" आतून नीलव्वा.
सांगणार होतो.
ओठ अजून मिटत नव्हते.