जाळी विंचरताना

चूक माझीच होती.
वॉशिंग सेंटरवर पहिलाच आठवडा,
हातात प्रेशरची बंदूक, अंगात सोळावं वरीस.
चिखल निघतोय म्हणून जवळ गेलो, अजून जवळ,
आणि महादू ऐवळेच्या वडापच्या ट्रॅक्सची
अख्खी जाळी आडवी झाली
वाऱ्यानं लोळवलेल्या शाळूसारखी.

जतच्या वाटेला चढ लागला की काटा लालीत.
दोनदा बॉनेट उघडून उभा राहिला ऐवळे,
चौदा माणसं, दोन शेळ्या, एक नवी नवरी
सगळी एका बाभळीखाली.
तिसऱ्या दिवशी रेडिएटर पोत्यात घातला,
मला बखोटीला धरलं
आणि दोघांनाही मिरजेत
दस्तगीर पिंजारीच्या पुढ्यात टाकलं.
"ह्यानं केलंय. ह्योच निस्तरंल."

मामानं जाळी उजेडाकडं धरली.
पलीकडचा रस्ता दिसायला पाहिजे.
दिसत नव्हता.
मग बिस्किटाच्या डब्यातनं काढली हत्यारं:
छत्रीची घासून चपटी केलेली काडी,
दवाखान्याच्या भंगारातला वाकडा चिमटा,
उवांची फणी.
मी हसलो.
"आजा कापूस पिंजायचा," मामा म्हणाला,
"मी पत्रा. हसतोस काय, बस."

"दाबायचं न्हाई. टोक आत घाल, श्वास सोड, मग उचल.
एकदा वाकलेली पाती उठती.
चारदा वाकवलीस तर तुटती.
आन् नळीला टोक लागलं
तर पाणी आन् पैसं दोन्ही तुझं."

एका इंचात चौदा पात्या.
मोजायला बसलो होतो,
दुपारच्या अजानपर्यंत मोजणं सुटलं.

पात्यांमधे महादूची सगळी वाट अडकलेली:
सांगलीच्या पेठेतली हळदीची धूळ,
बेदाण्याचं देठ, उसाच्या पाचटाचं कूस,
टोळाची एक तंगडी,
कुठल्यातरी लग्नातली अक्षता, अजून लाल.
पतंगाचा पंख काडीवर अलगद उचलला,
तर पंख गेला
आणि बोटावर नुसती राख राहिली, चमकणारी.

तिसऱ्या चहाला खालच्या कोपऱ्यात पोचलो.
तिथं माझ्या पाण्याची धार लागली नव्हती,
पण कुणीतरी कधीकाळी विंचरलं होतं.
ओळी सरळ,
फक्त किंचित उलट्या अंगाला कललेल्या,
डावखुऱ्यानं पाडलेल्या भांगासारख्या.

मामाला दाखवलं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
अंगठा फिरवला त्या कोपऱ्यावरनं,
परत एकदा फिरवला.

रस्त्यापलीकडं असंच दुकान आहे.
असलाच पत्रा, पाटीवर हेच आडनाव,
रंग तेवढा नवा.
तिथला माणूस डाव्या हातानं डाख लावतो.
मला ठाऊक होतं, चहावाल्याला ठाऊक होतं,
चहावाल्याच्या पोराला पण,
दोन्हीकडं दोन वेगळ्या किटल्या न्यायच्या.
नऊ वर्षं त्या दोघांच्या मधनं
फक्त ट्रक जातात.

"ह्ये पण उपसू का, मामा?"
"नको," तो म्हणाला. "तेवढं ऱ्हाऊ दे.
हवा जाती त्यातनं."

दिवेलागणीच्या आधी त्यानं जाळी पुन्हा उचलली.
आता रस्ता दिसत होता, रेघारेघांचा:
एक ऊसगाडी, एक सायकल,
पलीकडं शटर ओढायला वाकलेला माणूस.
मामानं जाळी
जरा जास्तच वेळ धरून ठेवली.
एवढं वजन, हात थरथरायला लागले
तरी खाली ठेवेना.
मी धरू का म्हणालो,
तर ऐकलंच नाही.

ऐवळे दुसऱ्याच दिवशी जतला जाऊन आला.
काटा निम्म्याच्या वर चढला नाही म्हणाला,
आणि माझ्या डोक्यात टपली मारली, हळू.

मी वॉशिंगला परत गेलो नाही.
उवांच्या फणीचे दोन दात माझ्या हातनं मोडले,
मामानं ते पगारातनं कापले.
पहिल्या पगारातनं.
तोपर्यंत मला माहीत नव्हतं
की पगार आहे.