खडूची रेघ

केतिलनं रेघ मारली मागच्या चाकावरच्या पत्र्यावर,
शिंपी कापडावर मारतो तशी, हात न अडखळता.
"इथून कापायचं. चार बोटं.
मग अडतीस इंची टायर आरामात बसतात."

मीटरवर चार लाख एकाहत्तर हजार.
पहिले नव्वद हजार रस्ते खात्यातल्या कुणा इंजिनिअरचे,
उरलेले माझे:
मेंढ्या, गवताचे भारे, ह्रेफ्नाची शाळा,
एकदा चर्चचा पियानो,
आणि एकदा, मागचं सीट आडवं करून,
थोरग्रीमुरची बायको, कळा सुरू झालेली.
हुसाविकचं हॉस्पिटल सात किलोमीटर राहिलं होतं.
पोरगी पुलाच्या अलीकडेच झाली.

केतिल यादी वाचतो.
स्प्रिंगा उंच, ब्रेकच्या नळ्या लांब,
नदीत श्वास घ्यायला काचेच्या वरपर्यंत एक नळकांडं,
गिअर पुढच्या वर्षी, पैसे जमले तर.
आकडा सांगताना तो फडक्याला हात पुसत राहतो,
पुसून झाले तरी.
तेवढ्यात दुसरी गाडी येते, ह्रेफ्ना रेक्याविकहून फोनवर म्हणते,
म्हाताऱ्या घोड्याला नवं खोगीर कशाला, आई?
तिला घोड्यांतलं काही कळत नाही.
धुक्यात घराची वाट म्हाताराच घोडा काढतो.

पण खरं कारण मी दोघांनाही सांगितलेलं नाही.
फेब्रुवारीत, खिंडीत, गाडी पोटापर्यंत रुतली होती.
फावडं मारून तास झालेला, मिशीवर बर्फ धरावा
एवढीही मला मिशी नाही, पण धरला होता.
तेव्हा थोरग्रीमुर आला त्याच्या त्या उंच गाडीतून,
टायरमधली हवा सोडून, बर्फावरून अलगद,
मांजर पांघरुणावरून चालतं तसा.
दोर बांधला. ओढून काढलं.
थर्मासमधली कॉफी दिली, एक शब्द वावगा बोलला नाही.
शेजारच्या सीटवर तीच पोरगी, आता एकोणीस वर्षांची,
हसू दाबत.

ती कॉफी अजून घशात आहे.

हे काही पत्रा कापायचं कारण नव्हे.
कळतं मला.

केतिल गाडीखाली सरकतो.
चासीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ वाजवत जातो,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसा.
टण. टण. टण. टण.
डब.
तो स्क्रूड्रायव्हर उलटा करतो, टोक लावतो,
आणि ते आत जातं, चहातल्या बिस्किटात जावं तसं.
दोघंही गप्प.
समुद्राकाठच्या गाडीनं किती मीठ खाल्लंय
ते बाहेरून दिसत नाही.

"वेल्ड होईल," खालून आवाज येतो. "सगळंच होतं.
पण एक आधीच सांगतो. मोठी चाकं लावलीस
की गिअर बदलेपर्यंत मीटर कमी मोजणार.
शंभर चाललीस तर दाखवणार ब्याऐंशी."

मला हसू फुटतं. पासष्टाव्या वर्षी
असला मीटर कुणाला नको?

रेघेला बोट लावून पाहते. खडू बोटावर येतो.
एक घाव दोन तुकडे हे लाकडाचं काम.
पत्रा एकदा कापला की कडेनं गंज धरतो,
मग दर उन्हाळ्यात रंगाचा डबा घेऊन उकिडवं बसायचं.
न कापताही तो आतून चाललाच होता म्हणा,
आमची परवानगी न घेता.

"आधी चासी," मी म्हणते. "सोमवारी आणून सोडते.
बाकीचं मेंढ्या डोंगरावरून उतरल्यावर."
केतिल मान हलवतो. रेघ पुसत नाही.
पुसायला मीही सांगत नाही.

किल्ली अर्धी फिरवते. पिवळा दिवा लागतो.
थंडीत ही घाई करू देत नाही कुणाला;
दिवा विझेपर्यंत थांबायचं, मनात आकडे मोजत.
सात. आठ.
आरशात, मागच्या चाकाच्या वर,
पांढरी कमान, चार बोटं उंच,
तिच्या आत माझा जुना हिरवा रंग.
नऊ.