शिसं

पाच किलोचं लोखंडी वजन.
बुडाला खाच, खाचेत शिसं,
शिशावर सरकारी छाप.
छापाच्या आत आणखी दीडशे ग्रॅम माझं,
मी स्वतः ओतलेलं,
नाना पेठेतल्या दुकानामागं, स्टोव्हवर वितळवून,
बायको उपासनेला गेली असताना.

अकरा वर्षं.
पुठ्ठा, पत्रा, दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला.
बाया उन्हातून पोती ओढत आणायच्या
आणि माझी तागडी त्यांच्यापुढं उभी राहायची
वर्गातल्या शहाण्या मुलासारखी.

तसा मी लहानपणीच धुतलेला.
शालमोन दाविद रणभिसे, बाप्तिस्मा महिन्याचा असताना,
पंचहौदाच्या वहीत नोंद आहे.
पाणी तेव्हा डोक्यावरून गेलं,
तिथून पुढं कुठं गेलं कुणास ठाऊक.
दर रविवारी मी पाप कबूल करायचो,
उभं राहून, सगळ्यांबरोबर, एका सुरात:
आम्ही चुकलो, आम्ही बहकलो.
आम्ही म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही.

दर्शन वगैरे काही झालं नाही.
उपवासकाळातला एक मंगळवार. भर दुपार.
नात दुकानात खेळत होती, साडेतीन वर्षांची.
तिनं ते वजन फडक्यात गुंडाळलं,
मांडीवर घेतलं, थोपटू लागली.
म्हणाली, आजोबा, बाळ झोपत नाही.
ह्याच्या पोटात काहीतरी आहे.

त्या रात्री मीही झोपलो नाही.
पहाटे छिन्नी घेतली, शिसं उकरून काढलं
आणि हिशेबाला बसलो. दुसरं येतं काय मला?
शेवंता ससाणे. रोजचे वीस किलो,
म्हणजे रोज सहाशे ग्रॅम माझ्या घशात,
आठचा भाव धरून, वर्षाचे तीनशे दिवस धरून,
पंधरा हजार आठशे चाळीस.
बाकीच्या बायांची मला नावंसुद्धा आठवेनात.
एक होती, तिला करंगळी नव्हती.
ती यायची बंद झाली तेव्हा मी चौकशी केली नाही.

जनता वसाहतीचा चढ.
अर्ध्या वाटेत दोनदा बसलो, दम लागला म्हणून,
आणि दम लागला म्हणूनच नव्हे.
शेवंताबाई दारात लसूण सोलत होत्या.
मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या.
त्या सोलत राहिल्या.

"ठावं होतं मला," म्हणाल्या.
"म्या पण पुठ्ठ्याला पाणी मारायची."

मला हसू फुटलं. वाटलं, सुटलो.
तुझं पाणी, माझं शिसं, वजाबाकी करू,
फिटंफाट.
त्यांनी मान वर केली.
"हसू नको. फिटलं न्हाई ते.
फिटत नसतंय असलं.
बस. च्या ठेवते."

पैसे त्यांनी तांदळाच्या डब्यात टाकले.
मोजले नाहीत.
मी त्या डब्याकडं बघत राहिलो.
जन्मात कुणाला मी न मोजता घेताना पाहिलं नव्हतं.
चहात साखर फार होती. मला मधुमेह आहे.
पूर्ण प्यालो.

पाळक म्हणतात, साक्ष दे, शालमोन, मंडळीपुढं.
नको म्हटलं.
माझ्या हातून साक्षीचंही वजन वाढायचं.

आता ते लोखंड पोकळ बुडाचं, बाजारात खोटं.
देवळाचा मागचा दरवाजा वाऱ्यानं आपटतो
म्हणून मार्थाबाई टेकू द्यायला घेऊन गेल्या.
पुनरुत्थानाच्या पहाटे दरवाजा तरीही दोनदा आपटला.
मी उठलो, पायानं वजन जरा आत सारलं,
आणि तिथंच थांबलो, उंबऱ्यापाशी.
बाहेर गुरुवार पेठेत दूधवाल्याच्या किटल्या वाजत होत्या,
आत सगळे म्हणत होते, आम्ही चुकलो.
मी एक शब्द मागं पडलो.
मी, म्हणालो.