अर्धं वल्हं

कोलाडहून टेंपोत आली ही कयाक, केशरी,
पोटावर कुंडलिकेच्या दगडांचे ओरखडे.
माहुलच्या खाडीत दगड नाहीत.
गाळ आहे, तिवरं आहेत,
रिफायनरीचा न विझणारा दिवा.

आधी सीट उपटली. चार बोल्ट,
त्यातल्या गंजक्या एकानं अख्खी दुपार खाल्ली.
चेंबूरच्या गादीवाल्याला म्हटलं,
पाणी न पिणारा फोम द्या.
"सगळंच पितं बाई,
कुणी लवकर, कुणी उशिरा."
तोच आणला. तासून खोगीर केलं,
गुडघ्यांवर बसायला.
मांड्यांचे पट्टे कुर्ल्याच्या भंगारातले,
कुठल्याशा टॅक्सीचे सीटबेल्ट.

दोन पात्यांचं वल्हं मधोमध कापलं
तेव्हा हरेश्वर नाखवा धक्क्यावर जाळं सांधत होता.
"नि ह्यो अर्धा कुनाला?"
घ्या तुम्ही, म्हटलं.

पहिल्या भरतीला
नाव नुसती डावीकडं वळत राहिली,
रुसल्यासारखी.
"शेवटाला मनगट फिरव!" तो काठावरून ओरडला,
"पान्याला ढकलून सोडू नको!"

फिरवलं.
नाक सरळ झालं, क्षणभर.

परतले तेव्हा पाय माझे नव्हते.
चिखलात तशीच बसून राहिले.
समोर त्याची नात
त्या उरलेल्या अर्ध्यानं
जवळा पसरत होती उन्हात.