रिकामी लिफ्ट वर जाते

दांडिया बाजार. महिन्याचा पहिला मंगळवार.
लिफ्टच्या पाटीवर लिहिलंय : आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो.
भागून बघा, माणशी अडुसष्ट येतात.
सरकारी हिशोबातला माणूस अडुसष्ट किलोचा असतो.
मीही अडुसष्टच. कामाला लागलो तेव्हा त्रेपन्न होतो,
हळूहळू पाटीला पोचलो.

तिसऱ्या मजल्यावरची दाभाड्यांची कृत्तिका
वजनकाटा काखेत मारून खाली उभी.
"काका, लिफ्ट बंद नका ना करू, दहाच मिनिटं.
शाळेचा प्रयोग आहे."
तेलाचा डबा ठेवला. म्हटलं, चल.

काट्यावर ती, कोपऱ्यात मी, हातात तिची वही.
एक्केचाळीस.
बटण दाबलं. निघताना चव्वेचाळीस.
मग तिसरा, चौथा, पाचवा सरकत राहिले
आणि काटा एक्केचाळीसवर गप्प,
जणू आपण कुठे जातच नाही.
सातव्याला थांबता थांबता अडतीस.

"वेग त्याला कळतच नाही," ती म्हणाली,
"बदलला तरच कळतो."
मी लिहून घेतलं. अक्षर माझं वाईट,
दहावीला विज्ञानात एकोणीस मार्क.

मग माझी पाळी. चपला काढून चढलो, देवळात चढावं तसा.
अडुसष्ट. खाली निघालो. त्रेसष्ट.
"पाच किलो गेले कुठे गं?"
"कुठेच नाही. पृथ्वी ओढते तेवढीच ओढते.
पायाखालची फळी तुम्हाला तेवढं कमी ढकलत होती."

फळी ढकलते?
म्हणजे जमीनही?
बावन्न वर्षं उभा आहे मी तिच्यावर,
तिचं हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला गनीभाईंनी शिकवलं ते पुस्तकात असेल, नसेल.
कारेलीबागेत, मे महिन्यात, पत्र्याच्या मशीनरूममध्ये
पहिल्याच दिवशी म्हणाले, लिफ्ट रिकामी आहे,
उघड ब्रेक.
हात थरथरले. वाटलं, आता कोसळणार,
तळाच्या स्प्रिंगांवर आपटून तिचा खुळखुळा होणार.
उघडला.
चाक फिरलं ते उलटं.
लिफ्ट वर यायला लागली, सावकाश, आपली आपण,
कुणी हाक मारल्यासारखी.
"जो," गनीभाई म्हणाले, आणि विडी पेटवली.

पलीकडे भिंतीलगत काउंटर उतरत होता.
लोखंडी चौकटीत बिडाच्या लाद्या :
लिफ्टचं वजन, आणि वर चार माणसांचं.
कुणी चढो न चढो,
ती चार माणसं त्याने आधीच धरलेली असतात.
खरोखर चौघं आले की दोन्ही बाजू सारख्या,
मोटरला फारसं काही उरतच नाही.
लोक आरशात भांग पाडतात.
ते वर जातात तेव्हा अर्ध्या वाटेवर
हातभर अंतरावरून तो खाली जातो.
आजवर त्याच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.

कृत्तिकेने विचारलं. चित्रही काढून घेतलं. मग म्हणाली,
"आणि दोर तुटला तर? काटा शून्य?"
तुटत नाही, म्हटलं. चार दोर असतात. शिवाय गव्हर्नर,
शिवाय जबडे, रुळाला चावतात ते.
"पण समजा."
समजा... शून्य.
"म्हणजे पडताना आपल्याला वजनच जाणवणार नाही!"
असं काही आनंदाने म्हणाली
की मला चार दोर पुन्हा मोजावेसे वाटले.

ती तिसऱ्यावर उतरली, काटा आतच विसरून.
मी दारावर "काम चालू"ची पाटी अडकवली,
जिन्याने गच्चीवर गेलो.
तळव्यांना पायरी न् पायरी लागत होती,
प्रत्येकीने मला जरासं वर दिलं.

मशीनरूम. ब्रेक. एक खटका.
अंधारातून वर येते आहे
रिकामी लिफ्ट,
आणि तिच्यात एका मुलीचा वजनकाटा, शून्यावर.