तारेचा तुकडा

उणे एकतीस.
गोबीतला सकाळचा उजेडही शेडच्या दाराशी अडखळतो.
चौदा नंबरचा डंपर काल रात्री खाणीतून लंगडत आला,
मागच्या उजव्या बाहेरच्या टायरला वीतभर चीर,
आणि चिरेत गंजलेल्या पोलादी तारा.

माझा इथला एकविसावा दिवस. टायर माझ्या दुप्पट उंच.

ओयुंगेरेल हात लावत नाही. आधी विचारते,
"रात्रभर थंड झाला का? कुणी पाहिलं?"
मी विचारून येतो. मगच ती जवळ जाते,
तिरकी, नक्षीच्या बाजूने,
अनोळखी घोड्याकडे जावं तशी.

सुपरवायझर दाश्न्याम दारातूनच,
"ठिगळ लावून दोन दिवस चालेल?"
ती खडूने चिरेभोवती गोल काढते,
गोलावर फुली.
एवढंच तिचं उत्तर.

चाकांना उट्या. बॅटरीच्या पेटीवर तिचं कुलूप,
शेजारी माझं. माझी किल्ली माझ्या गळ्यात.
"ही कुणाला द्यायची नाही.
दाश्न्यामने मागितली तरी नाही. तुझी आई आली तरी नाही."

मग हवा. बाहेरच्याची, आणि आतल्याचीही.
"बाहेरच्याचं दुखणं दिसतं," ती म्हणते,
"आतला भिंतीला पाठ लावून गप्प असतो."
व्हॉल्व्हचे गाभे काढले, शिट्टी सुरू झाली,
नळीच्या तोंडाशी पांढरी दाढी वाढू लागली.
आम्ही खारट दुधाचा चहा प्यायलो, दोन दोन कप.
आधी आतली शिट्टी संपली. मग बाहेरची बारीक होत गेली,
मग नव्हतीच.
काटा शून्यावर.

मी पाना उचलला.

ती ओरडली नाही. माझ्या कोपराला हात लावला फक्त.
खिशातून हातभर तार काढली, कुठल्याशा कुंपणाची,
टोक घासून गुळगुळीत केलेलं,
आणि बाहेरच्या नळीत सारली, हळूच,
लेकराचा कान कोरावा तशी.

खट्.

आणि टायर पुन्हा बोलू लागला,
खर्जात, चार मिनिटं.
मी पाना धरून उभा. माझ्या गुडघ्यांना ते ऐकू येत होतं.

बर्फाचा खडा. बाजरीच्या दाण्याएवढा.
गेज खोटं बोललं नव्हतं,
त्याला जेवढं कळलं तेवढंच त्याने सांगितलं.

छताच्या पत्र्याला एक बाक आहे, कुणी ठोकून सरळ केलेला नाही.
ती वर बघते. "रिमची रिंग. चुलून चहाला गेला होता, कामाच्या वेळी.
त्या दिवशी आळसाने वाचवलं माणसाला.
आळस रोज कामावर येत नाही."

माझे वडील उंटाचा तळवा झिजला की
त्याला आडवा पाडून चामड्याचा तुकडा शिवायचे,
सुई जाड कातडीतूनच जायची,
जिवंत मांसाच्या अलीकडून वळायची.
मी पाय धरून बसायचो.
उंट असा रडायचा, की दरीपलीकडची माणसं विचारायची कोण गेलं.
"हा रडत नाही," मी ओयुंगेरेलला म्हणालो.
"म्हणून तर," ती म्हणाली, आणि नट सैल करायला लागली.

जुना टायर रस्त्याकडेला अर्धा पुरला जाईल,
इतरांच्या रांगेत, वाळू अडवत.
नवा चढला दुपारी. हवा भरताना
लांब नळी, दोघं दूर, मध्ये कुणी नाही.
पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा तपासायचे,
ते मी फळ्यावर लिहिलं, माझ्या अक्षरात.

तार मागितली तिला. दिली नाही.
"ही माझी."

जेवणाच्या सुट्टीत मी पक्कड घेऊन
कुंपणाकडे गेलो. वारा होता.
हातभर तोडली,
आणि शेडच्या उंबऱ्यावर बसून टोक घासत राहिलो,
अंगठ्याला टोचेनासं होईपर्यंत.